गुरुजींनी लावलेलं लग्न आणि कायद्याने लागलेलं लग्न: जोडीदार परदेशी असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई कोल्हापूरच्या, नोकरी पुण्यात. होणारा नवरा जर्मन, धर्माने ख्रिश्चन, आधी एकदा घटस्फोट झालेला. दोन्ही घरं तयार आहेत, आजीला सप्तपदीसकट सगळे विधी हवेत आणि २० डिसेंबरचा हॉल बुक झालाय. मुलगा ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर १० डिसेंबरला येणार. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की गुरुजींकडून लग्न लावा, पत्रिका आणि फोटो जोडून महापालिकेत नोंदणी करा, सर्टिफिकेट घ्या, मग जर्मनीचा व्हिसा. त्यांनी विचारलंय की एवढं पुरेल ना, आणि कागद काय काय लागतील.

मी पुण्यात वकिली करते आणि गेली वीसेक वर्षं माझं बरंचसं काम अशाच लग्नांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सरळ सांगायचं तर एवढं पुरणार नाही, आणि कागदांची यादी हा तुमचा खरा प्रश्नही नाहीये. खरा प्रश्न हा की तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली लागणार, कारण ते ठरलं की व्हिसा किती दिवसांचा हवा, मुलाने कधी यायचं, हॉलची तारीख जमते का, सगळं त्यातूनच निघतं. आपल्याकडे आधी हॉल मिळतो, मग मुहूर्त निघतो आणि कागदाची आठवण लग्नानंतर व्हिसाचा फॉर्म भरताना होते. दोघं भारतीय आणि एका धर्माचे असले तर हे निभावून जातं, तुमच्या बाबतीत नाही निभावणार.

कारण असं. गुरुजींनी विधी करून लावलेलं लग्न कायद्याने ग्राह्य धरलं जातं ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यामुळे, आणि त्या कायद्याची पहिली अटच ही की वर आणि वधू दोघंही हिंदू हवेत, म्हणजे त्यात बौद्ध, जैन, शीख पण आले. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन यांनी सातच काय सत्तर फेरे घेतले तरी त्या कायद्याखाली ते लग्न होत नाही, सुप्रीम कोर्टानेही २००८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. विधी करायला बंदी नाही बरं का, आजींना हे नक्की सांगा. फक्त त्या विधींनी तुम्ही कायद्याने नवरा-बायको होत नाही. आणि महापालिकेतली नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाची नोंद, जे लग्न मुळात कायद्याने झालंच नाही ते नोंद करून कायदेशीर होत नाही. कधी कधी खिडकीवर कुणाचं लक्ष नसतं आणि सर्टिफिकेट हातात पडतंही, पण मग ते परदेशी वकिलातीत कुणीतरी नीट वाचतं, आणि तिथे वाचणारे खरंच नीट वाचतात. माझ्याकडे एक जोडपं असं सर्टिफिकेट घेऊन आलं होतं, लग्नाला दीड वर्ष झालेलं, व्हिसा नाकारलेला, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्या मुलीने मला विचारलं, मग दीड वर्ष आमचं लग्न नव्हतंच का. याचं उत्तर द्यायला फार जड जातं हो.

तर तुमच्यासाठी कायदा आहे १९५४ चा विशेष विवाह कायदा, ज्याला सगळे कोर्ट मॅरेज म्हणतात, कोर्टाचा संबंध नसला तरी. यात धर्म बदलावा लागत नाही, आणि परदेशी माणूस चालतो. अटी मोजक्याच आहेत. दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न चालू नसावं, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असावी, दोघं संमती देण्याच्या मानसिक स्थितीत असावेत, आणि जवळच्या निषिद्ध नात्यातले नसावेत. झालं. या अटींमध्ये अवघड काही नाही, अवघड आहे ते वेळेचं गणित.

ते असं. लग्न करायचंय अशी नोटीस जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, दोघांच्या सहीने. ज्या जिल्ह्यात देणार तिथे दोघांपैकी किमान एकजण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलेला हवा. इथे लोकांचा फार गोंधळ होतो, परदेशी माणसाला पण ३० दिवस राहावं लागतं असं सगळीकडे सांगतात. कायद्यात दोघांपैकी एक एवढंच आहे आणि तुम्ही पुण्यात राहताच, तेव्हा तुमचा भाडेकरार किंवा पुण्याच्या पत्त्याचा दुसरा पुरावा यावर ही अट पूर्ण होते. मात्र तो कुठे उतरलाय हे ऑफिस विचारणार, त्यासाठी सी फॉर्म करून ठेवा. परदेशी पाहुणा हॉटेलात असो की घरात, २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं तोच हा फॉर्म. हॉटेलवाले आपणहून करतात, घरी उतरणार असेल तर घरमालकाने करायचा, आणि घरी उतरणाऱ्यांचा हा हमखास राहतो.

नोटीस दिली की ती ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि ३० दिवस हरकतीसाठी ठेवतात. तुमचा कायमचा पत्ता कोल्हापूरचा असल्याने एक प्रत कोल्हापूरच्या विवाह अधिकाऱ्याकडे पण जाईल, घरचे तयार आहेत म्हणून तुम्हाला त्याची चिंता नाही, पण ज्यांच्या घरी माहीत नसतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. हरकत कुणीही घेऊ शकतं, पण ती वर सांगितलेल्या अटींवरच घ्यावी लागते. शेजारच्या काकांना जर्मन जावई पसंत नाही ही हरकत होत नाही. खरी हरकत आली तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि त्याने लग्न लावायला नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. हरकत नसेल तर ३० दिवस संपल्यावर तीन साक्षीदार घेऊन जायचं आणि लग्न लागतं. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हायला हवं, नाहीतर नोटीस रद्द होते आणि परत पहिल्यापासून.

आता हे तुमच्या तारखांना लावून बघा. तो १० डिसेंबरला येणार, ११ ला नोटीस दिली तरी ३० दिवस १० जानेवारीला संपतात आणि त्याचा व्हिसा त्याच्या आधीच संपलेला. म्हणजे २० तारखेला हॉलमध्ये लग्न होईल, पण कायद्याचं लग्न न होताच तो परत जाईल. मग नोटीस जिवंत असताना, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, त्याला नवा व्हिसा काढून पुन्हा यावं लागेल.

हॉल रद्द करू नका, वाट आहे. एक वर्षाचा ई-टुरिस्ट व्हिसा घ्यायचा, त्यावर अनेकदा येता येतं आणि जर्मन नागरिकाला एका वेळी ९० दिवसांपर्यंत राहता येतं. हे नियम बदलत असतात तेव्हा अर्ज करताना सरकारी साइटवर बघून घ्या. मग त्याने ऑक्टोबरच्या मध्याला आठवडाभर यावं, समजा १३ तारखेला दोघांनी मिळून नोटीस द्यावी, आणि परत जावं. नोव्हेंबरच्या मध्यात ३० दिवस पूर्ण होतात. डिसेंबरात तो आला की १७ किंवा १८ ला विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न, २० ला हॉलमध्ये आजींच्या मनासारखे सगळे विधी. नोटीस १३ जानेवारीपर्यंत चालते, म्हणजे थोडी जागा पण राहते. दोनदा येणं शक्य नसेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येऊन लग्नापर्यंत थांबावं, पण इतकी रजा बहुतेकांना मिळत नाही. नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ऑनलाइन भरता येतो, पण एकजण परदेशी असला की आधी ऑफिसात जाऊन विचारा, त्यांना बहुतेक वेळा दोघं समोर हवे असतात आणि मूळ पासपोर्ट बघायचा असतो.

कुणी म्हणेल आधी विधी करा मग विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा, तशी सोय कलम १५ मध्ये आहे. आहे खरी, पण त्यालाही ३० दिवसांची नोटीस लागतेच, शिवाय विधी झाल्यापासून दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहात असायला हवेत. लग्नानंतर दोन आठवड्यांत तो जर्मनीला आणि तुम्ही पुण्यात, तर हे दाखवणार कसं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते की आधी सही, मग अक्षता.

दुसरी एक वाट सुचवतील, मुलाने शुद्धी करून हिंदू व्हायचं आणि मग हिंदू पद्धतीने लग्न. त्याला मनापासून व्हायचं असेल तर तो त्याचा प्रश्न. पण निव्वळ एक महिना वाचवायला धर्म बदलू नका असं मी कळकळीने सांगते, कारण लग्नापुरतं केलेलं धर्मांतर पुढे कधी वाद झाला तर खरं होतं का इथूनच सुरुवात होते, आणि मग लग्नच वादात. एका दिवसात कोर्ट मॅरेज अशा जाहिरातींपासून पण लांब राहा. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या म्हणजे लग्न होत नाही, नोटरीला लग्न लावायचा अधिकारच नाही.

आता कागद. तुमचे सोपे आहेत, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, फोटो. त्याचे पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला, राहण्याचा पुरावा आणि दोन महत्त्वाचे. पहिला, लग्नाला अडचण नाही असा त्याच्या देशाचा दाखला, ज्याला इथे एनओसी म्हणतात. विशेष विवाह कायद्यात या नावाने कागद मागितलेला नाही, पण तो अविवाहित आहे हे अधिकाऱ्याला कळणार कसं, म्हणून ऑफिसं मागतातच. हा प्रत्येक देशाचा वेगळा. अमेरिका सरकार असा दाखला देतच नाही, तिथल्या नागरिकाला वकिलातीत जाऊन स्वतःचं शपथपत्र करावं लागतं. फ्रान्सचा नागरिक असेल तर आधी त्यांच्या वकिलातीत लग्नाची सूचना प्रसिद्ध करून दाखला घेतात. जर्मनीत हा दाखला त्याच्या गावच्या श्टांडेसआम्टकडून, म्हणजे तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून मिळतो, सहा महिने चालतो, आणि गंमत नाही पण अडचण ही की तो द्यायला ते तुमचेही कागद मागतात, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला वगैरे. त्यावर ते म्हणू शकतात की भारतातले कागद आम्हाला पडताळून हवेत, आणि मग काही महिने जातात. म्हणून विवाह अधिकाऱ्याला आधीच विचारा की श्टांडेसआम्टचा हा पूर्ण दाखलाच हवा का, की वैवाहिक स्थिती लिहिलेला त्याच्या राहत्या गावचा नोंदणी दाखला आणि शपथपत्र चालेल. हे ऑफिसवर अवलंबून असतं, आणि शक्य तर लेखी विचारा कारण पुढच्या वेळी खुर्चीत दुसरा माणूस असू शकतो.

दुसरा महत्त्वाचा कागद घटस्फोटाचा. जर्मन कोर्टाच्या निकालावर तो अंतिम झाला, आता अपील नाही, असा वेगळा शिक्का किंवा शेरा लागतो, जर्मनमध्ये त्याला रेश्ट्सक्राफ्टफेरमेर्क म्हणतात. तो नसेल तर निकाल लागलाय पण घटस्फोट पक्का झालाय हे कागदावरून सिद्ध होत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक केलीय. निकालाची छान भाषांतरित प्रत जोडली, शेरा होता मूळ कागदाच्या कोपऱ्यात आणि भाषांतरात तो आलाच नव्हता, ऑफिसने परत पाठवलं आणि जर्मनीहून नवीन प्रत येईपर्यंत नोटिशीचे तीन महिने संपले. त्या मुलाची आई तिकीट काढून आली होती. तेव्हापासून मी भाषांतर हातात आलं की मूळ कागदावरचा प्रत्येक शिक्का मोजून बघते. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच, इंग्रजीत.

नावांचं पण सांगते कारण निम्मी प्रकरणं इथे अडकतात. आपल्याकडे जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं मुलगी असं असतं आणि आई-वडिलांची नावं. तसं असेल तर आत्ताच नाव घालून घ्या. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, वडिलांचं नाव मधे आहे की नाही, हे सगळं पासपोर्टशी जुळवा. आणि लग्नानंतर लगेच आडनाव बदलू नका. भारतात लग्नाने आडनाव आपोआप बदलत नाही आणि बदललंच पाहिजे असा कायदा नाही. व्हिसा हातात येईपर्यंत आहे त्या नावाने राहा, मग शांतपणे ठरवा.

लग्न लागलं की सर्टिफिकेटच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या. आणि इथे जर्मनीची एक खास गोष्ट. बहुतेक देशांसाठी आपण सर्टिफिकेट आधी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून घेतो, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांचा मान्य करतात तो शिक्का. भारतासाठी हा करार २००५ पासून लागू आहे, कॅनडा पण २०२४ मध्ये त्यात आला. पण भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली आणि दोन्ही देशांमध्ये हा करार लागू नाही. त्यामुळे अपोस्टिलवर पैसे घालवलेत तरी जर्मन ऑफिस ते मान्य करणार नाही, त्यांना गरज वाटली तर ते त्यांच्या वकिलातीमार्फत इथे माणूस पाठवून कागद पडताळतात, खर्च तुमचा आणि वेळ काही महिने. एजंट हे सांगत नाहीत, त्यांचं ठरलेलं पॅकेज असतं.

तुमच्या व्हिसासाठी अर्ज लग्नानंतर मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या हद्दीत. नवरा जर्मन नागरिक असेल तर साधारणपणे जर्मन भाषेची ए१ परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं, पुण्यात मॅक्सम्युलर भवनला होते, तेव्हा क्लास आजच लावा, डिसेंबरची वाट बघू नका. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहायचं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

आणि उलट झालं, म्हणजे त्यालाच इकडे यायचं ठरलं तर? लग्नानंतर त्याला एक्स-२ हा प्रवेश व्हिसा मिळतो, तो भारतात असतानाच एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, अर्ज करून व्हिसा बदलूनही घेता येतो. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात पुन्हा पुन्हा व्हिसा न काढता येऊ-राहू देणारं कार्ड, लगेच नाही. लग्नाची नोंदणी झालेली आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, म्हणून नोंदणी लांबवली की ही दोन वर्षंही लांबतात. पाकिस्तान किंवा बांगलादेशशी नागरिकत्वाचा संबंध असेल, आई-वडील, आजी-आजोबांचा का असेना, तर ओसीआय मिळत नाही. भारतीय नागरिकत्वासाठी लग्नाशिवाय सात वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमचं नागरिकत्व लग्नाने बदलत नाही, पुढे जर्मन नागरिकत्व घेतलंत तर मात्र भारतीय जातं, आपल्याकडे दुहेरी नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या घरी कुणीतरी विचारणार, इस्टेटीचं काय. परधर्मात लग्न केलं की माहेरचा हक्क गेला असं अजून गावाकडे सांगतात. तसं नाहीये. विशेष विवाह कायद्याखाली हिंदू व्यक्तीने दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न केलं तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं मानतात, पण तिचा वारसाहक्क जात नाही. तुमच्या स्वतःच्या पश्चात तुमच्या मालमत्तेला मात्र हिंदू वारसा कायदा न लागता १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, म्हणून दोघांनी मृत्युपत्र करा असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते. गोव्यात लग्न केलंत तर वेगळाच हिशोब, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि आधी वेगळा करार केला नाही तर मालमत्ता दोघांची सामायिक होते. बीचवर लग्न करायला जाणाऱ्यांनी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

आता तुम्ही उद्यापासून काय करायचं ते सांगते. पुण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन जर्मन नागरिकाचे कुठले कागद कुठल्या शिक्क्यासह हवेत ते लिहून आणायचं. त्याला सांगायचं की ३० दिवसांचा व्हिसा घेऊ नको, आणि घटस्फोटाचा निकाल अंतिम शेऱ्यासकट मागव. तुमचा जन्मदाखला काढून त्यावर नाव आहे का बघायचं. ऑक्टोबरमध्ये नोटीस, डिसेंबरमध्ये लग्न.

विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी एक वाक्य म्हणायचं असतं, मी अमुक तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, आणि तुम्ही तसंच पती म्हणून. दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. माझ्याकडचे दोन-तीन परदेशी जावई ते मराठीत पाठ करून आले होते, एकाने तर तिथे आलेल्या आजींकडे बघून म्हटलं, आणि त्या आजींना त्यानंतर विधी आधी का नंतर हा प्रश्न उरला नाही. तुमच्या आजींना १७ तारखेला साक्षीदार म्हणून घेऊन जा, तीन लागतातच, त्यांचं आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या.